बारूदखान्याचं वऱ्हाड

आमच्या कारखान्यात बिडी ओढायला बंदी, चहा करायला बंदी, हिवाळ्यात शेकोटीला बंदी. विस्तव म्हणून जे काही असतं ते सगळं फाटकाबाहेर! मग जेवणाच्या सुट्टीत माणसांनी करायचं काय? बोलायचं! दुसरीकडे लोक चहा पिऊन कामाला लागतात, आम्ही एकमेकांची टिंगल करून कामाला लागायचो. त्यामुळे किस्से इतके साठले, की आजही कुणी नुसतं "काडेपेटी द्या हो" म्हणालं तरी मला हसू फुटतं आणि सूनबाई म्हणते, "मामांना परत काहीतरी आठवलं वाटतं."

कारखाना म्हणजे बारूदखाना. पूर्णा जंक्शनहून पालमकडे जाताना एका उघड्या माळावर होता. निजामाच्या वेळचा. आधी म्हणे तिथे फौजेसाठी बारूद व्हायची. पोलीस ॲक्शननंतर फौज गेली, उर्दूत हुकूम देणारे मोहतमीम, म्हणजे मोठे अंमलदार, गेले, आणि आम्ही विहिरींच्या आणि खाणींच्या सुरुंगाची बारूद करायला लागलो.

काम सांगायला सोपं. सोरा, गंधक आणि तुरीच्या काड्यांचा कोळसा. हे ओलं करून दगडी चाकाखाली दळायचं. चाक बैल ओढणार. मग दाबून वड्या पाडायच्या, त्या लाकडी मोगरीने फोडायच्या, चाळायच्या, दाणे पडले की उन्हात वाळवायचे. एक खोली दुसरीपासून लांब, मध्ये मातीचे बांध. भिंती जाड आणि छप्पर हलकं, म्हणजे काही झालंच तर छप्पर उडावं आणि शेजारची खोली वाचावी. आमच्या आधी एकदा तसं झालं होतं. त्या जागी पुन्हा खोली बांधली नाही, नुसता चौथरा राहिला होता. कामाला जाताना सगळे त्याला हात लावून पुढे जायचे.

भीती वाटायची का? वाटायची की! न वाटून कुणाला सांगता? पण घाबरणाराच माणूस तिथे टिकायचा. म्हणून नियम कडक. लोखंड आत न्यायचं नाही. पायात काही घालायचं नाही. पळायचं नाही. ओरडायचं नाही. हे नियम आमच्या अंगात इतके मुरले, की पुढचे सगळे गोंधळ त्यांच्यामुळेच झाले.

*

फाटकावर झडती घ्यायचे करीमभाई जमादार. उंच माणूस, दाढी मेंदीने लाल, आवाज हळू पण ऐकला की पाय जागच्या जागी थांबायचे. फाटकाशी आलं की प्रत्येकाने आपणहून दोन्ही हात वर करायचे. मग ते पागोटं, कंबर, करदोडा सगळं चाचपायचे. बायकांची झडती गयाबाई घ्यायची. ती चाळणी खात्याची मुकादम आणि तोंडाने तिखटाची पुडी!

एकदा जमादार पाथरीला भाचीच्या लग्नाला गेले आणि तिथून थेट ड्यूटीवर आले. फाटकाशी थांबले. आता जमादाराची झडती घेणार कोण? त्यांनी मला बोलावलं.

"किसन, मेरी झडती ले."

मी घाबरत घाबरत खांद्यावर हात लावल्यासारखं केलं.

"ऐसा नई! बराबर ले!"

मग मी बरोबर घेतली. शेरवानीच्या आतल्या खिशात काडेपेटी निघाली! लग्नात कुणीतरी बत्ती पेटवायला दिली असणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

जमादारांनी काडेपेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "किसके जेब में निकली?"

"तुमच्याच की, जमादारसाब."

"तो उसकू सजा क्या है?"

सजा सगळ्यांना पाठ होती. तो दिवस बिनपगारी आणि दिवसभर फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. जमादार मुकाट्याने गेले आणि लिंबाखाली मांडी घालून बसले. कुणी "अहो, चुकून झालं" म्हणायला गेलं की हाताने "चल, कामाकू लाग" अशी खूण करायचे. संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो तेव्हा ते उठले, कपडे झटकले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "आज का जमादार भोत सख्त आदमी था रे!"

*

पुढे आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पुण्याकडचे एक नवे मॅनेजर साहेब आले. पहिल्याच दिवशी कडक इस्त्रीची पॅन्ट, कमरेला बेल्ट, पायात करकर वाजणारे बूट. सरळ फाटकातून आत निघाले.

जमादार आडवे आले. "साब, बूट."

साहेबांनी खाली वाकून बघितलं. बुटांना लोखंडी खिळे. काढले. खाली मोजे, आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता! चाळणी खात्याच्या बाया ओळीने उभ्या होत्या. गयाबाई हळूच म्हणाली, पण तिचं हळूच म्हणजे सगळ्या माळाला ऐकू जायचं, "आगं बया, ह्येच्या बी मोज्याला भोक हाय! आपल्यातलाच निघाला की!"

"साब, बेल्ट."

बेल्टचं बक्कल लोखंडी. तोही निघाला. आता पॅन्ट साहेबांपेक्षा मोठी होती की साहेब पॅन्टपेक्षा लहान होते कुणास ठाऊक, पण ती खाली यायला लागली. जमादारांनी फाटकाच्या खोलीतून सुतळी आणून अदबीने पुढे केली. साहेबांची ती पहिली पाहणी आम्ही जन्मात विसरलो नाही. एका हाताने पॅन्ट, दुसऱ्या हाताने ऑर्डर!

पण माणूस दिलदार. परत आल्यावर फाटकात उभे राहून स्वतःच इतके हसले, की त्यांना धरायला लागलं. दुसऱ्या दिवशी नाडीचा पायजमा घालून आले आणि फाटकाशी येताच दोन्ही हात वर करून उभे राहिले. त्या दिवसापासून ते आमचे झाले.

*

आता म्हादूचं सांगतो. माझे बरेचसे किस्से शेवटी त्याच्यावरच येतात.

म्हादू चाकाच्या खोलीतला. बैल फिरवायचे आणि तांब्याच्या लोट्याने बारुदीवर पाणी शिंपत राहायचं, हे त्याचं काम. त्याचा बाप सालगडी, तो स्वतः मिसरूड फुटायच्या आधीपासून सालगडी. मालकाच्या गोठ्यात झोपायचं, हाक आली की उठायचं. बारूदखान्यात आला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की कामाला शेवट असतो. घंटा झाली की दिवस संपला! फाटकाबाहेर पडला की तो रोज म्हणायचा, "किसन, सांजची येळ मपली सोताची हाय रे!" रोज म्हणायचा, आणि रोज नवीन काही सापडल्यासारखा म्हणायचा.

सगळं चांगलं होतं, एक गोष्ट सोडून. बारूदवाल्याला कुणी मुलगी देईना.

पहिल्यांदा मुलीकडचे लोक त्याला बघायला आले तेव्हा आम्ही त्याला अख्खी सकाळ धूत होतो. कोळसा अंगात मुरलेला. शिकेकाई झाली, बेसन झालं, विटेचा तुकडा झाला. तोंड उजळलं, पण कान काळे ते काळेच. शेवटी पागोटं कानावर ओढून बसवला.

मुलीचा चुलता बिडी ओढत ऐटीत बसला होता. "काय काम करतोस, बाळा?"

"बारूदखान्यात हाय जी."

चुलत्याने हातातली बिडी विझवली. मग थुंकी लावून पुन्हा विझवली! मग हातभर मागे सरकून बसला, जणू म्हादूच पेट घेणार होता. मुरमुऱ्यांची सुशीला तशीच ताटलीत राहिली, चहा तसाच राहिला. उठता उठता तो म्हणाला, "पाव्हणं, राग धरू नका. पर कुकू लावायच्या आदीच पुसायची तयारी कामून करावी?"

म्हादू तेव्हा हसला. "मी काय फटाका हाय का रे?" म्हणाला. पाहुणे गेल्यावर मात्र पागोटं सोडून काळे कान चोळत बसला. मला फार वाईट वाटलं. गयाबाईला वाईट वाटलं की राग यायचा. तिने दुसऱ्या दिवशी भर सुट्टीत जाहीर केलं, "ह्या म्हाद्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्याबिगर म्या दम घेणार न्हाई!"

*

मग गयाबाईने परभणीकडची एक मुलगी काढली. आम्ही सगळे निघालो. म्हादू, मी, गयाबाई, वडीलकीच्या मानाने करीमभाई जमादार, आणि आणखी खात्यातली मंडळी. पूर्णा स्टेशनवर गाडी लागलीच होती. रिकामा डबा इंजिनाला चिकटून. इंजिन धूर ओकतंय, ठिणग्या उडताहेत. आमच्यातला एकही त्या डब्यात चढेना!

जमादार म्हणाले, "पिछले डब्बे में. चलो."

आम्ही शेवटच्या डब्याकडे निघालो. शिट्टी झाली. गाडी हलायच्या बेताला आली. प्लॅटफॉर्मवरचे हमाल ओरडायला लागले, "आरं पळा की! गाडी चाललीय!"

पण पळायचं नाही, हा नियम ना! एकानेही पाऊल भरभर उचललं नाही. जमादार पुढे, मागे आम्ही, एका ओळीत, अनवाणी, खाली मान घालून, पाय हळू टाकत. गार्डाने आमच्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग त्याने हिरवा झेंडा गुंडाळला आणि लाल दाखवला! आम्ही येईपर्यंत गाडी थांबली. आम्ही नीट चढलो, बसलो, आणि मग गाडी सुटली.

सुटायच्या आधी हमालाने गार्डाला विचारलेलं मी खिडकीतून ऐकलं. "साब, कोन हायेत ह्ये लोक?"

"वरचे कुणीतरी असतील," गार्ड म्हणाला. "गाडी सुटायच्या वेळेला इतकं सावकाश दुसरं कोण चालतं?"

आणि त्याने जमादारांच्या लाल दाढीला चक्क सलाम ठोकला!

मुलीच्या बापाने परभणीत आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी. जाताना साहेब होतो, येताना पुन्हा बारूदवाले.

*

एक गोष्ट ऐकून लोकांना खरी वाटत नाही. वर्षानुवर्षं बारूद करणाऱ्या आम्ही माणसांनी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता! कसा ऐकणार? आवाज झाला नाही म्हणूनच तर आम्ही रोज घरी येत होतो. आमची सगळी मेहनत ती गप्प राहावी म्हणून.

एका वर्षी जवळच्याच गावात विहिरीला काळा पाषाण लागला. पहारी वाकल्या. सुरुंगवाला आमच्याकडून बारूद घेऊन गेला आणि गावकऱ्यांनी आम्हालाही बघायला बोलावलं. सुट्टीचा दिवस. सगळं गाव लांब बांधावर उभं. सुरुंगवाल्याने वात पेटवली आणि ओरडला, "कान झाका!"

सगळ्यांनी झाकले. गयाबाईने नाही झाकले.

आणि असा आवाज झाला की जमीन पायाखालून एकदा वर आली आणि परत बसली. दगड, माती, धूर! कावळे उडाले, कुत्री पळाली, आणि आमच्यातला एक मोठा पहिलवान गडी मटकन खाली बसला. गयाबाई मात्र उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"बोलली गं!" ती म्हणाली. "चाळू चाळू हात दुखले, पर कवा तोंड उघडलं नव्हतं. बोलली माझी लेक!"

धूर बसला तसे सगळे विहिरीच्या काठावर जमलो. खाली उतरलेला सुरुंगवाला वर बघून हात हलवायला लागला. फुटलेल्या पाषाणाच्या फटीतून पाणी झिरपत होतं! गावाने आम्हाला डोक्यावर घेतलं. हलगी वाजली, गुलाल पडला. आमच्या पायांवर पाणी घातलं, त्याच विहिरीचं, गढूळ. म्हादूच्या गळ्यात तर पाटलांनी स्वतः हार घातला. तेवढ्यात गयाबाईने संधी साधली.

"पाटील, पोरगा लगनाचा हाय बरं. गावात एखादी पोरगी?"

पाटलांनी हार नीट केला, म्हादूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जेवून जावा." अख्खं गाव सत्कार करायला तयार, मुलगी द्यायला एकही नाही!

*

शेवटी गयाबाईच्या माहेरातूनच स्थळ निघालं. पालमच्या अलीकडचं गाव. सखाराम आण्णांची थोरली, केसर. आण्णा थोड्या जमिनीचे, सरळ माणूस, पण पटकन हो म्हणणारे नाहीत. म्हणाले, "पोरगा नंतर. आदी जागा दावा."

ते आले. फाटकावर जमादारांनी झडती घेतली. बटव्यात चिलीम निघाली, ती बाजूला ठेवली. मग निघाली चकमक! लोखंडाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस.

"बापाच्या येळची हाय," आण्णा अभिमानाने म्हणाले.

जमादारांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ओलं फडकं मागवलं, त्यात ती चकमक दोन बोटांनी उचलली आणि तान्हं मूल न्यावं तशी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. आण्णांच्या लक्षात आलं की आपण कुठे आलोय. त्यानंतर आत असेपर्यंत त्यांनी हात जोडलेले होते, देवळात आल्यासारखे. कशालाही धक्का लागू नये म्हणून!

त्यांनी म्हादूचं काम उभ्या उभ्या बघितलं. बैलांना हाक नाही, चाबूक नाही. चाक फिरतंय, म्हादू लोट्याने पाणी शिंपतोय, हात घाईत नाही की आळसात नाही. आण्णा बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर जमादारांनी चिलीम परत दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज वढू वाटंना."

मग लिंबाखाली बसून त्यांनी निकाल दिला. "पोरगा चांगला हाय. लय चांगला हाय. पर जागा वंगाळ हाय. पोरगी देतो, एक अट हाय. लगीन झालं की ह्ये काम सोडायचं. मपल्या रानात यायचं. न्हाईतर मला रातीला झोप न्हाई यायची."

वाईट बोलले नाहीत. बापाचा जीव होता. पण म्हादूला ते रान म्हणजे पुन्हा तोच गोठा आणि तीच हाक. आधी मालकाची, आता सासऱ्याची. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"पोरगीला इचारलं का?" एवढंच तो म्हणाला.

गयाबाईने विचारलं होतं. केसर म्हणाली होती, "आत्या, आमच्या गावात बिडीचा वास न येणारा एक बी गडी न्हाई. ह्यो पयलाच ऐकायले. मला चालतंय."

म्हादू हसला. मग म्हणाला, "बरं. सोडतो."

त्या संध्याकाळी घंटा झाली, आम्ही बाहेर पडलो आणि तो त्याचं रोजचं वाक्य बोलला नाही. मी वाट बघत होतो. रस्ता संपला तरी बोलला नाही. मला रडायला आलं आणि मी खोकल्याचं नाटक केलं. साहेबांनी तर सांगितलं, "राजीनामा माझ्याकडे देऊ नकोस, मी घेणार नाही." पण शब्द दिला होता. लग्न झालं की सोमवारपासून चाकावर दुसरा माणूस उभा राहणार, हे ठरलं.

*

लग्नाला अख्खा बारूदखाना बैलगाड्यांनी गेला. पायजमा घालून साहेबसुद्धा! वाजंत्री पुढे, आम्ही मागे. मांडवाच्या दाराला केळीचे खांब लावले होते. आम्ही दाराशी आलो आणि थांबलो. दार दिसलं ना! सगळ्यांनी पायताणं काढली आणि दोन्ही हात वर केले. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवानेसुद्धा!

मुलीकडची माणसं तोंड उघडं टाकून बघायला लागली. केसरचा मामा पुढे होता, जाडजूड, मिशीवाला. तो म्हणाला, "काय झालं? पोलीस आले का मागून?"

आता खरं तर कुणीतरी हसून हात खाली घ्यायचे. पण जमादार पुढे झाले आणि झडती घ्यायला लागले! आमची संपली तशी ओघात मुलीकडच्यांची सुरू केली. आणि गंमत बघा, त्या लाल दाढीसमोर एकानेही नाही म्हटलं नाही. हात वर करून रांगेत उभे राहिले बिचारे! बिड्यांची बंडलं, चिलमी, काडेपेट्या. आण्णांनी तर न मागता चकमक काढून दिली. परातभर ऐवज जमला. तो मांडवाबाहेर रांजणाशेजारी नेऊन ठेवला.

फक्त मामा हात वर करीना. "मी काय तुमच्या कारखान्यात हाय का? मी परभणीहून बाण आणलेत. अक्षता पडल्या की उडवणार! बारूदखान्याचं वऱ्हाड आन बार न्हाई? लोक शेण घालतील तोंडात!"

म्हादूने हात जोडले. जमादारांनी हात जोडले. मामा हसतच राहिला.

गोरज मुहूर्त. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मामाला अक्षतांपर्यंतसुद्धा दम निघाला नाही. मांडवामागे जाऊन त्याने पहिला बाण लावला. तो वर गेला, आडवा झाला आणि सरळ कडब्याच्या गंजीत घुसला!

वैशाखातला कडबा. क्षणात भडका. गंजीशेजारी गोठा, गोठ्याला लागून मांडव. "आग! आग!" एकच कालवा झाला. सगळे एकाच दाराकडे धावले, बाया पडल्या, दारात माणसांचा बोळा बसला.

आणि आमचे लोक? एकही पळाला नाही. एकही ओरडला नाही. अशा वेळी काय करायचं ते आम्ही बारूदखान्यात सारखं गिरवलेलं, आणि देवाच्या दयेने कधी लागलं नव्हतं. जमादारांनी नुसता हात वर केला. पेटलेलं सोडायचं आणि शेजारचं वाचवायचं! दोघे चालत गोठ्यात गेले आणि बैलांचे कासरे सोडले. मी आणि बाकीच्यांनी मांडवाची गोठ्याच्या उलट्या बाजूची कनात उपसली, तशी माणसं तिकडून बाहेर पडली. रांजणापासून गोठ्यापर्यंत रांग लागली. साहेब रांगेत, पायजमा चिंब! गयाबाई आणि तिच्या बाया जेवणाच्या पंगतीची तरटं ओली करून छपरावर टाकत होत्या, रोजच्या कामासारख्या, एकीच्या मागे एक.

मांडवाच्या कडेला ठिणगी पडली आणि कापड धरलं. जवळच केसर पाटावर उभी होती, हातात हार. म्हादूने भटजींच्या हातातला अंतरपाट धरला. "जरा द्या, महाराज." तो शेजारच्या घंगाळात बुडवला, मांडवाच्या खांबावर चढला आणि पेटल्या कापडावर दाबून धरला. विझेपर्यंत धरला. मग खाली उतरला. तोंड काळं, मुंडावळ्या कुठे गेल्या पत्ता नाही.

गंज जळून गेली. गोठा राहिला, बैल राहिले, घर राहिलं, आणि एकाही माणसाला फोड आला नाही.

मामा उरलेले बाण हातात घेऊन आला. मान खाली. जमादारांसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले! जमादारांनी बाण काढून घेतले आणि एकेक करून रांजणात बुडवले.

भटजींना आता प्रश्न पडला. अंतरपाट ओला, काळा, एका कोपऱ्याला जळका. "दुसरं वस्त्र आणा," ते म्हणाले.

"दुसरं नको," केसर म्हणाली. त्या दिवशी आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "त्योच धरा."

तोच धरला. त्यातून पाणी ठिबकत होतं आणि आम्ही अक्षता टाकत होतो. गयाबाई मोठमोठ्याने रडत होती आणि मध्येच मला ढोसत होती, "टाक की मेल्या, मुठीनं टाक!" लग्न लागलं! वाजंत्री वाजली, आणि सुरुंगाच्या आवाजाला मटकन बसलेला आमचा तो पहिलवान असा नाचला की मांडवाचा खांबही हलला.

पंगत झाली. पाठवणीची गाडी जुंपली. केसर गाडीत बसली, म्हादू शेजारी. सखाराम आण्णा हळूहळू गाडीशी आले. गेल्या तासाभरात ते जळलेल्या गंजीकडे बघत बसले होते. म्हादूने मान खाली घातली. "आण्णा, शब्द ध्यानात हाय. सोमवारपासून तुमच्या रानात येतो."

"रानात कशाला?" आण्णा म्हणाले. "सोमवारी तुझं चाक कोन फिरवणार मंग?"

म्हादूला काही कळेना. आण्णांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि जमादारांकडे वळले.

"आन जमादारसाब, मपली धाकली बी लगनाला आलीया. तिच्यासाठी एखादा पोरगा बगून ठिवा. पर बारूदखान्यातलाच पायजे बरं का, दुसरीकडचा दावू नका!"